डावीनं ऐकायचं तरी कुणाचं?

मी डावी बोलतेय. बर्फावरून घसरायला पायाला बांधतात त्या दोन लाकडी पट्ट्यांमधली डावी. लोक आम्हाला स्की म्हणतात. उजवी माझ्या शेजारीच उभी आहे, पण ती जन्मापासून अबोल. त्यामुळे आम्हा दोघींचं जे काही झालं ते मलाच सांगावं लागणार. आणि खरं सांगते, त्यातलं निम्मं मला अजूनही कळलेलं नाही.

माझा जन्म १९५२ सालचा, दक्षिण जर्मनीतला. डोंगराच्या पायथ्याशी एका सुतारानं अ‍ॅश नावाच्या झाडाच्या पातळ फळ्या एकीवर एक चिकटवल्या, दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवल्या आणि मग वाफेवर माझं टोक वर वळवलं. पोटाला किंचित बाक दिला. त्यामुळे नुसतं जमिनीवर ठेवलं तर मी मधोमध उचललेली राहते. कुणी अंगावर उभं राहिलं तरच पूर्ण टेकते. शेवटी दोन्ही कडांना बारीक स्क्रूंनी स्टीलच्या पट्ट्या बसवल्या. कठीण बर्फात रुतायचं ते या कडांच्या जोरावर.

पहिल्याच हिवाळ्यात मला फ्राउ राइटर घेऊन गेल्या. फ्राउ म्हणजे बाई. क्रेसेन्स राइटर हे त्यांचं पूर्ण नाव. वय पन्नास, नवरा युद्धातून परत न आलेला, म्युनिकमध्ये लोकरीचं छोटं दुकान. दर रविवारी पहाटेच्या गाडीनं डोंगरात जायचं आणि संध्याकाळी परतायचं, हा त्यांचा नेम. त्या जुन्या पद्धतीनं स्की करायच्या. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला खांदा झोकून द्यायचा, मग कंबर, मग पाय, मग आम्ही. मला वाटायचं, जगात वळायची हीच एक रीत आहे. पाच वर्षं मी सुखात होते. तेवढाच काळ माझ्या डोक्यात गोंधळ नव्हता.

मग एका रविवारी त्या सरळ एका कुंपणावर जाऊन आदळल्या. खांब चांगला पुरुषभर उंच होता. मी तर पाहिला होता. त्यांना दिसलाच नव्हता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची नजर कडेनं मिटत चालली होती. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसायचं. त्या दिवसापासून मी आणि उजवी तळघरात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी.

१९५८च्या हिवाळ्यात तळघराचं दार उघडलं आणि फ्राउ राइटरच्या मागून एक सडपातळ मुलगी जिना उतरली. साडीवर जाड कोट, पायांत लोकरीचे मोजे. ही लतिका. अमरावतीची. रंगांच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठात आली होती आणि फ्राउ राइटरकडे भाड्याच्या खोलीत राहत होती.

"हात वर करा, फ्रॉइलाइन," फ्राउ राइटर म्हणाल्या. लग्न न झालेल्या मुलीला तिकडे असं म्हणतात. माझं टोक बरोबर लतिकाच्या मनगटाला लागलं. "आल्झो, चला, माप जमलं. घेऊन जा. इथं पडून वाकडी होतील."

लतिकाकडूनच मला मराठी आली. जर्मन ती विचार करून बोलायची, पण पडली की मराठीत. म्हणून 'आई गं' आणि 'मेले मेले' हे माझे पहिले मराठी शब्द.

पहिल्या वर्षी ती नांगर शिकली. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागच्या शेपट्या दूर, असा कोन करून हळूहळू उतरायचं, त्याला जर्मनमध्ये नांगरच म्हणतात. "आमच्याकडे नांगराला बैल पुढे असतात," ती श्रीनाथला म्हणाली, "इथं मीच बैल." श्रीनाथ हा तिच्याच विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकणारा, दादरचा, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तिला लतिकाताई म्हणायचा. रविवारच्या गाडीला तोही असायचा.

दुसऱ्या वर्षी ती मधल्या पायरीवर पोचली. मध्यम उतार कुठलाही असो, न पडता खाली यायची. पण प्रत्येक वळणाआधी एक स्की बाहेर ढकलायची, छोटा नांगर करायची, वळायची आणि मग दुसरी स्की ओढून घ्यायची. दोन्ही स्की जोडीनं, समांतर ठेवून वळणं तिला जमत नव्हतं. उतार तीव्र झाला की ती मागे, डोंगराकडे झुकायची. आणि उजवीकडे वळताना, म्हणजे सगळं वजन माझ्यावर यायला हवं तेव्हा, ती मला अर्धंच वजन द्यायची. नांगराच्या दिवसांत तिचा डावा घोटा एकदा मुरगळला होता. त्याचा राग ती माझ्यावर काढत होती, की मीच कमी पडत होते? कळायला मार्ग नव्हता.

तिनं डोंगरातल्या स्की शाळेत नाव घातलं. फाइट नावाचा तरुण शिक्षक होता. त्यानं तिचं एक वळण पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"खांदा वळवायचा नाही, फ्रॉइलाइन! खांदे दरीकडे. वळतात ते फक्त पाय. ही नवी पद्धत आहे."

ती घरी येऊन फ्राउ राइटरना सांगायची. त्या सूप ढवळत म्हणायच्या, "खांदा वळवायचा नाही? मग पायांना कळणार कसं कुठं जायचं ते? चाळीस वर्षं मी खांद्यानं वळलेय."

गाडीत श्रीनाथ वहीत बाण काढायचा. "लतिकाताई, दोघांचंही सोडा. तुमचा गुरुत्वमध्य मागे पडतोय. गुडघे पुढे घ्या, सगळं आपोआप होईल." हा श्रीनाथ स्वतः अजून नांगरावरच होता, हे इथं सांगायला हवं.

आता माझी अवस्था बघा. खांदा सांगतोय उजवीकडे. गुडघा सांगतोय थांब. टाच घाबरून मागे बसलेली. आणि मनात फाइट, फ्राउ राइटर आणि श्रीनाथ तिघे एकदम बोलताहेत. मी कुणाचं ऐकायचं? मी उजवीवर चढायची, उजवी माझ्यावर. मग 'मेले मेले'. जानेवारीत ती डिसेंबरपेक्षा वाईट स्की करत होती.

१९६०च्या फेब्रुवारीत फ्राउ राइटर डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्या कोट न काढताच स्वयंपाकघरात बसल्या. मी दाराशी वाळत उभी होते.

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही उरणार नाही म्हणाले." मग त्या लतिकाकडे वळल्या. त्यांच्या जिभेवर तिची लाटिका व्हायची. "फ्रॉइलाइन लाटिका, मला एकदा वरून खालपर्यंत यायचंय. उत्तरेच्या लांब उतारावरून. तुम्ही पुढे राहायचं. मी मागून येईन."

"पण तुम्हाला दिसणार कसं?"

"तुमचा लाल स्वेटर ठिपक्याएवढा दिसेल. बाकी कानांनी. स्कीचा आवाज येतो ना."

उत्तरेच्या उतारावर मध्ये एक तीव्र टप्पा होता. तिथून लतिका स्वतः कधी उतरली नव्हती. बाजूच्या वाटेनं वळसा घालून यायची. तरी ती 'या' म्हणाली. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. माझ्या मते तिला त्या क्षणी मराठीतलं 'जा' म्हणायचं असावं, पण तसं कुणी कुणाला म्हणत नाही.

पुढच्या रविवारी फ्राउ राइटर तीन वर्षांनी डोंगरात आल्या, नवऱ्याच्या जुन्या जड स्की घेऊन. त्या भागात एक चाल आहे. हजार मीटरच्या वर गेलं की लोक 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणतात. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमधून उतरल्याबरोबर त्या लतिकाला 'तू' म्हणू लागल्या आणि खाली स्टेशनात पुन्हा 'तुम्ही'. लतिकाला वर काय म्हणावं हे कधी समजलं नाही. आईच्या वयाच्या बाईला 'तू' म्हणणं तिच्या जिभेला झेपत नव्हतं. ती सर्वनाम गाळूनच बोलायची.

सोप्या उतारावर दोघींनी करून पाहिलं. पाचव्या वळणाला फ्राउ राइटर थांबल्या.

"लाटिका, तुझ्या वळणाला दोन सुरुवाती आहेत. आधी खर्र करून एक स्की बाहेर जाते. मग थांबतेस. मग वळतेस. मी कुठल्या सुरुवातीला वळू?"

लतिकानं मागे वळून बर्फातल्या आमच्या खुणा पाहिल्या. आम्हीच तर ते दोन आवाज करत होतो.

त्यानंतरचे चार रविवार तिनं जिवाचं रान केलं. श्रीनाथनं डोळ्यांना मफलर बांधून तिच्या मागून यायचा प्रयोग केला आणि तो तिसऱ्या वळणाला एका पाद्रीबुवांच्या अंगावर गेला. फाइट म्हणाला, आतली स्की उचलून वळ. फ्राउ राइटर म्हणाल्या, दोन्ही जमिनीवर ठेव. तीव्र टप्प्याच्या वरच्या काठावर ती दर वेळी उभी राहायची, खाली बघायची आणि बाजूच्या वाटेला लागायची. चौथ्या रविवारी परतीच्या गाडीत तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मी नाही नेऊ शकत त्यांना," ती श्रीनाथला म्हणाली. "त्यांना काही झालं तर?"

"मग तसं सांगून टाका, ताई."

तिनं सांगितलं. फ्राउ राइटर म्हणाल्या, "गेनाऊ. बरोबर आहे तुमचं." आणि तिच्या ताटात बटाट्याचा आणखी एक मोठा गोळा वाढला.

दोन दिवसांनी दुपारी त्या तळघरात आल्या. दिवा लावला नाही. त्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. मला पालथी घालून माझ्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, अगदी हळू, टोकापासून शेपटीपर्यंत. एक स्क्रू वर आला होता. तो त्यांना बोटानं सापडला. त्यांनी तो पिळला आणि माझ्या पोटाला, सहज घसरायला लावतात ते मेण घासू लागल्या. मला वाटलं, रविवारी जायचं नाही, मग मेण कशाला? तेवढ्यात जिन्यावर लतिका आली होती. कोळसा न्यायला आली असावी. ती तिथंच उभी राहिली. मग बादली खाली ठेवून तिनं दुसरी मेणाची वडी उचलली आणि उजवीला घासायला घेतली. मी आपली वाट बघत राहिले की कुणीतरी काय ठरलं ते सांगेल.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही उत्तरेच्या उताराच्या माथ्यावर उभ्या होतो. ऊन होतं. श्रीनाथ बाजूच्या वाटेनं पुढे जाऊन खाली थांबला होता.

"मी ओरडून सांगीन," लतिका म्हणाली. "वजन डावीवर असलं की 'डावी', उजवीवर असलं की 'उजवी'." दोन्ही शब्दांचे अर्थ तिनं जर्मनमध्ये सांगितले.

निघाल्या. "डावी!" लतिका ओरडली आणि माझ्यावर वजन टाकून उजवीकडे वळली. तिला अभिप्रेत होती डावी स्की. फ्राउ राइटरनी ऐकलं, डावी बाजू. त्या डावीकडे गेल्या. डावीकडे वीस हातांवर उतार संपत होता आणि खाली सूचीपर्णी झाडांची दरी होती.

"थांबा! हाल्ट! हाल्ट!"

त्या सपशेल आडव्या पडल्या म्हणून थांबल्या. लतिका आडवी पावलं टाकत उतार चढून त्यांच्यापाशी गेली. मला वाटलं, संपलं. आता खाली चालत जायचं.

फ्राउ राइटर टोपीतला बर्फ झटकत म्हणाल्या, "कुठं वळायचं ते मला ऐकू येतं. कधी वळायचं तेवढं सांग."

"आत्ता आपण परत जाऊ या ना."

"आत्ता म्हणजे?"

लतिका घाबरून मराठीत बोलली होती. "येत्स्ट," ती म्हणाली.

"मग तेच ओरड. आत्ता. छोटा शब्द आहे, लांबून ऐकू येईल."

पुन्हा निघाल्या. "आत्ता!" वळण. "आत्ता!" वळण. पहिली चार-पाच नेहमीसारखीच होती, आधी ढकलायचं आणि मग वळायचं. मग तो तीव्र टप्पा आला. लतिका काठावर थांबली नाही. थांबली असती तर मागून येणाऱ्या फ्राउ राइटर तिच्यावर आदळल्या असत्या. ती दरीकडे तोंड करून ओरडली, "आत्ता!" आणि ओरडल्यावर वळावंच लागलं, कारण मागची बाई त्याच शब्दाला वळणार होती. आधी स्की बाहेर ढकलायला वेळच उरला नव्हता.

आणि सगळं वजन माझ्यावर आलं. घोट्यातून, नडगीतून, सगळंच्या सगळं. माझं पोट टेकलं, कड रुतली, मी धनुष्यासारखी वाकले आणि वळले. उजवी माझ्या शेजारी, बोटभर अंतरावर. "आत्ता!" आता वजन उजवीवर, मी हलकी. पुन्हा माझ्यावर. खांदा कुठं होता? मला माहीत नाही. गुडघा? माहीत नाही. वरून कुठलीच आज्ञा येत नव्हती, नुसता तो शब्द येत होता. मागून दुसरा सर्र आवाज येत होता आणि हळूहळू तो आमच्याच आवाजात मिसळून गेला. चार स्की होत्या आणि आवाज एकच होता.

खाली सपाटीवर लतिका थांबली. फ्राउ राइटर तिच्या बाजूनं पुढे गेल्या, तशाच सरळ जात राहिल्या आणि एका बर्फाच्या ढिगात जाऊन बसल्या. श्रीनाथ थर्मास टाकून धावला.

"लागलं का हो?"

त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. "मी थांबले नाही," त्या म्हणाल्या, "कारण तू थांब म्हणाली नाहीस."

लतिका त्यांच्याशेजारी बर्फात बसली. "मी काय केलं? फ्राउ राइटर, मी शेवटी काय केलं?"

"मला काय विचारतेस? मला दिसतं का?"

श्रीनाथनं वही उघडली, एक बाण काढला आणि खोडून टाकला.

जेवणानंतर लतिका एकटी पुन्हा वर गेली. तोच टप्पा, तोच बर्फ, तीच मी. तिनं मनाशी ठरवून, नीट विचार करून पहिलं वळण घेतलं. आधी ढकलली, मग वळली. दोन सुरुवाती. ती उतारावर मधोमध उभी राहून आमच्याकडे बघत होती, जणू उत्तर आमच्याकडे आहे. आमच्याकडे नव्हतं.

नंतरच्या दोन हिवाळ्यांत ते वळण कधी यायचं, कधी जायचं. हळूहळू जास्त वेळा येऊ लागलं, मग राहिलं. पुढे ती उंचवट्यांवरून, मऊ ताज्या बर्फातून, कुठूनही उतरायची. तिला विचारलं की कसं जमलं, तर ती प्रत्येकाला वेगळं सांगायची. फ्राउ राइटरची नजर डॉक्टरांनी सांगितलं त्याच्याही आधी, शरद ऋतूत गेली.

१९६२ साली लतिका डॉक्टर झाली. न्युरेम्बर्गला रंगांच्या कारखान्यात नोकरी लागली. जाताना ती मला घेऊन गेली नाही. आम्ही फ्राउ राइटरच्या, आपण फक्त वापरल्या, असं तिच्या मनात होतं. तिनं नव्या, धातूच्या स्की घेतल्या. फ्राउ राइटरना वाटत होतं, स्की मुलीला दिल्या आणि ती विसरून गेली. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. चार वर्षं मी पुन्हा बटाट्यांशेजारी, आणि कुणाची ते ठाऊक नाही.

१९६६च्या शरदात फ्राउ राइटर वृद्धाश्रमात राहायला निघाल्या. लतिका सामान आवरायला आली. तळघर रिकामं करताना तिचा हात माझ्यावर पडला.

"या तुमच्या स्की कुठं ठेवायच्या?"

"माझ्या? त्या तर तुमच्या आहेत."

"नाही हो, तुमच्या."

बराच वेळ असंच चाललं. मीही ऐकत होते, शेवटी काय निघतं ते बघायला. मग फ्राउ राइटर म्हणाल्या, "बरं, माझ्या. मग माझ्याबरोबर येतील."

आश्रमातल्या नर्सबाईंनी भुवया उंचावल्या. "या खोलीत? स्की? आणि चालवणार कोण?"

"कुणी नाही," फ्राउ राइटर शांतपणे म्हणाल्या.

तेव्हापासून आम्ही इथं, त्यांच्या पलंगाच्या उशाशी भिंतीला टेकून उभ्या आहोत. महिन्यातून एका रविवारी लतिका न्युरेम्बर्गहून येते आणि कुठला उतार कसा उतरली ते सांगते. फ्राउ राइटर डोळे मिटून ऐकतात, मध्येच म्हणतात, "खांदा वळवला असतास तर पडली नसतीस," आणि दोघींचं भांडण जुंपतं. दुपारी त्या एकट्या असल्या की हात लांब करून माझी कड चाचपतात. आता माझ्यावर कुणी उभं राहणार नाही. मग मी अजून स्की आहे का? की नुसती फळी? मला ठरवता येत नाही, आणि त्यांना विचारायची सोय नाही.

एक विनंती मात्र आहे, त्याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. या खोलीतला हीटर फार तापतो आणि मला बरोबर त्याच्या शेजारी ठेवलंय. माझ्या फळ्यांमधला सरस सुकत चाललाय. शेपटीपाशी एक चीर पडलीय. फ्राउ राइटरना ती दिसत नाही. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी मला तिथून जरा बाजूला सरकवा. पण फार लांब नको. त्यांचा हात पोचला पाहिजे.